लोकांकडे तोंड करून उभा माणूस

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. इन्शुरन्स कंपनीचं ऑफिस, घाटकोपरला, आणि एसी नेमका त्याच दिवशी बंद. ट्रेनर मुलगी मात्र तरतरीत होती. तिने चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि शेवटी मला सांगितलं की मी हिरवी आहे. हिरवी माणसं म्हणे जुळवून घेणारी असतात, ग्राहकाचं ऐकून घेतात, वाद घालत नाहीत. माझ्या शेजारची पिवळी निघाली आणि दिवसभर तोऱ्यात वावरली. मला हसावं की जांभई द्यावी कळेना. चाळीस प्रश्न कशाला हवेत? अण्णा चिंदरकर तिकीट फाडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस सांगायचे. मलाही सांगितलं होतं, पहिल्याच दिवशी, आणि तेव्हा मला इतका राग आला होता की पुढचे दोन प्रयोग मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

अण्णा आमच्या नाटकाचे व्यवस्थापक. थिएटरच्या तारखा मिळवायच्या, बस ठरवायची, सेट वेळेवर पोचतोय की नाही बघायचं, मध्यंतरातले वडे सगळ्यांच्या वाट्याला येतात की नाही बघायचं, हे त्यांचं काम. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली आणि बिऱ्हाड जोगेश्वरीला आलं. एवढंच मला त्यांच्याबद्दल माहीत. इतकी वर्षं एका बसमधून हिंडलो आणि जास्त काही विचारलं नाही, हे आता लिहिताना लक्षात येतंय. बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टॉर्च, तोंडात बडीशेप. चालताना माणूस दिसला की त्याला आधी वरून खाली बघणार, मग नमस्कार करणार. मिलिंद, म्हणजे आमचा दिग्दर्शक आणि मुख्य नट, त्यांना हवामान खातं म्हणायचा.

मी नाटकात काम करते म्हटलं की लोकांचे डोळे लकाकतात. लकाकू देत बापडे. आठवडाभर क्लेमचे कागद तपासायचे, शनिवारी ऑफिसातून थेट बसमध्ये बसायचं, तोच मेकअप, तीच साडी, तीच वाक्यं. नाटक विनोदी होतं. रीडेव्हलपमेंटला निघालेली बिल्डिंग, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि बिनलग्नाची मोठी बहीण. बहीण म्हणजे मी. सगळे धावपळ करत असताना मी ट्रे घेऊन ये-जा करायची. फक्त दुसऱ्या अंकात चार मिनिटं माझी होती. घर रिकामं करायचं म्हणून बहीण एकटीच स्वयंपाकघरातले डबे उतरवते. डब्यांवर आईच्या हातच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ती एकेक वाचते, पुसते, खोक्यात ठेवते, फक्त अगदी मागचा तेवढा उघडून बघते. सगळी मिळून सहा वाक्यं. त्या चार मिनिटांसाठी मी बाकीचा सगळा वैताग सोसत होते. घरात, ऑफिसात, बसमध्ये, कुठेच माझं असं काही नव्हतं. तेवढं होतं.

ही भूमिका मला मिळाली ती आधीची बाई मालिकेत गेली म्हणून. अंधेरीच्या तालमीच्या हॉलवर पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "चहा साखरेचा की बिनसाखरेचा?"

"कसाही चालेल," मी म्हणाले.

"सोबती," अण्णा म्हणाले आणि चहा ओतायला लागले.

"म्हणजे काय?"

"दुसऱ्यासाठी आलेली. नाटकाची हौस मिस्टरांना असणार. त्यांनी ढकललं, तू आलीस."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं. आमच्या ह्यांनीच कंपनीच्या एकांकिका गाजवल्या होत्या आणि मग गुडघे गेले. पण हे असं परक्या माणसाने चहाच्या कपावरून सांगायचं?

पुढे कळलं की हे त्यांचं वर्गीकरण प्रेक्षकांसाठी होतं. बुकिंगच्या खिडकीवर वर्षानुवर्षं बसून त्यांनी ते तयार केलं होतं. जो चार-सहा तिकिटं काढतो आणि "पुढची द्या हां" म्हणतो तो यजमान. त्याने बाकीच्यांना आणलेलं असतं, त्याला काळजी असते की माझी माणसं खूश होतील ना. जो "लेखक कोण?" विचारतो तो परीक्षक. एकटा येतो, एकच तिकीट घेतो, पहिल्या घंटेच्या कितीतरी आधी येऊन बसतो तो उपाशी. आणि सोबती खिडकीवर येतच नाही, मागे उभा राहतो आणि विचारतो एवढंच, "सुटतं किती वाजता?" बायकोने आणलेला नवरा, सुनेने आणलेली सासू, असे सगळे.

"यजमान हसतोच," अण्णा सांगायचे, "त्याने खर्च केलाय. परीक्षक हसलाच तर घरी जाऊन हसेल. उपाशी कशालाही हसतो, त्याच्या हसण्यावर जाऊ नका. सोबती हसला तर तुमचं नाटक चाललं. नाही तर गाशा गुंडाळा."

तिसऱ्या घंटेच्या आधी ते मेकअप रूमच्या दारात यायचे. आम्ही सगळे जण आरशासमोरून उठून त्यांच्याकडे बघायचो. "आज निम्मे सोबती. महिला मंडळाचा शो आहे, पण नवऱ्यांना धरून आणलंय. पहिली दहा मिनिटं नावं नीट घ्या, कोण कुणाचा कोण ते कळू दे त्यांना. मिलिंद, धावू नको." बस, एवढंच. आणि व्हायचंही तसंच. नावं सावकाश घेतली की दहाव्या मिनिटाला मागच्या रांगांतून पुरुषांचं जाड हसू यायला लागायचं. घाटकोपरला निम्मं हाउस गुजराती असायचं, तिथे सांगायचे, शब्द खाऊ नका आणि तोंडं उघडी ठेवा. बोरिवलीला म्हणायचे, आज लग्नाचा मुहूर्त आहे, जे लग्नाला गेले नाहीत ते आलेत, म्हणजे सगळे कटकटे. आम्ही हसायचो, पण ऐकायचो. मिलिंदसारखा कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूससुद्धा ऐकायचा.

चुकायचे का? चुकायचे ना. एकदा बोरिवलीलाच तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ बसले होते. हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. मिलिंद असा आहे की पाचशे माणसं हसत असली तरी न हसणाऱ्या एकाकडेच त्याचं लक्ष जातं. सगळे विनोद तो त्या माणसाला जाऊन सांगायला लागला, अगदी रंगमंचाच्या टोकाला जाऊन. गृहस्थ ढिम्म. मध्यंतरात मिलिंदचा चेहरा पडलेला. अण्णा म्हणाले, "परीक्षक आहे, सोड त्याला." नाटक सुटल्यावर मात्र अण्णांनी त्या माणसाला दारात गाठलं आणि सरळ विचारलं, काय आवडलं नाही? त्या माणसाने खिशातून कागद काढून लिहून दिलं. सकाळीच दोन दाढा काढल्या होत्या. डॉक्टरांनी तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलेलं. नाटक फार आवडलं, पोट दुखतंय.

तो कागद अण्णांनी आम्हाला बसमध्ये वाचून दाखवला. आम्ही मुलुंडपर्यंत हसत होतो. अण्णा हसले नाहीत. "चूक माझी. मी तोंड बघितलं," ते म्हणाले. "हसताना त्याचे खांदे हलत असणार. ते मी बघितलेच नाहीत."

नंतर तिकिटं मोबाइलवर गेली. खिडकीवर चिटपाखरू फिरकेना. लोक घरून जागा निवडून यायचे, दारात मोबाइल दाखवून आत जायचे, आणि त्या दोन सेकंदांत अण्णांना जेवढं दिसेल तेवढंच. मग ते आत येऊन उभे राहायला लागले. पहिल्या अंकात विंगेत, पडद्याच्या कडेच्या फटीला डोळा लावून. दुसऱ्या अंकात प्रेक्षागृहाच्या बाजूच्या दाराशी, रंगमंचाकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं हट्टी होतात तसं काहीतरी असेल. मला कुठे वेळ होता विचार करायला?

पहिल्या अंकाचा पडदा अण्णांच्या हातात होता. म्हणजे दोरी ओढणारा पलीकडच्या विंगेत असायचा, पण त्याला टॉर्चचा इशारा अण्णा द्यायचे. धाकट्या भावाने, म्हणजे मिलिंदने, चोरून बिल्डरच्या कागदांवर सही केलेली असते. बिल्डर घरी येतो, हा कपाटात लपतो, आणि बिल्डर नेमकं मोजमाप घ्यायला तेच कपाट उघडतो. हसण्याची लाट उठते, ती पुरती वर चढली की पडदा पडायचा. ती ओसरायला लागल्यावर पडला तर लोक मध्यंतरात पार्किंगविषयी बोलतात, असं अण्णांचं म्हणणं. तो नेमका क्षण रोज वेगळा असतो आणि तो अण्णांनाच कळायचा.

बोरिवलीला रविवारी चारचा प्रयोग होता. ज्येष्ठ नागरिकांच्या एका संघाने अख्खा शो घेतला होता. नाटकाआधी सत्कार झाला. बारा जणांना शाल आणि नारळ, आणि ते बाराही जण पहिल्या रांगेत. एसी कडक होता, त्यामुळे शाली कुणी काढल्या नाहीत. नाटक सुंदर चाललं होतं. अंकाच्या शेवटी माझं काम आधी संपतं, मी विंगेत अण्णांच्या मागेच उभी होते. कपाट उघडलं आणि असा हशा झाला की मला पायांखालच्या फळ्या थरथरल्यासारख्या वाटल्या. अण्णा फटीला डोळा लावून उभे. टॉर्च हातात, हात खाली. हशा चढला, मोठा झाला, ओसरला. मिलिंद कपाटात एक पाय वर करून उभा. हशा संपला. कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "संपलं काय?"

"अण्णा, पडदा!" मी म्हणाले. चांगली मोठ्याने म्हणाले. ते हलले नाहीत. मग मी त्यांचा दंड धरून हलवला, तेव्हा ते दचकले आणि टॉर्च लावला.

मध्यंतरात मिलिंद भडकला. "अंकाची वाट लागली ना यार! अण्णा, झोपला होतात काय?"

"अजून एक लाट येणार होती," अण्णा शांतपणे म्हणाले. "परीक्षक हाउस आहे. उशिरा फुटतं."

मिलिंद उलट सॉरी म्हणाला. अण्णा म्हणतात म्हणजे असेल, असं सगळ्यांनी धरलं. मी नाही धरू शकले. प्रयोग संपल्यावर ते सेटच्या मागे ट्रंकेवर बसले होते. मी समोर जाऊन म्हटलं, "अण्णा, मी तुम्हाला हाक मारली होती."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग मालवणीत बोलले. घाबरले किंवा चिडले तरच ते मालवणीत बोलायचे. "शाली होत्यो ना गो. खांदे दिसूक नाय."

मला आधी कळेचना. मग एकदम कळलं आणि मी त्यांच्या शेजारी बसले. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मशीन लावा ना अण्णा. आता मिळतात की चांगली."

"लावलं होतं. त्यात सगळंच ऐकू येतं. पंखा, पिशव्या, घसे. हसणं त्यातून निवडता येत नाही." मग म्हणाले, "कुणाला सांगू नको गो. पडदा गेला तर माझ्याकडे काय राहिलं? वडे वाटायचे?" आणि त्यांनी चक्क हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचे हात खाली केले आणि म्हटलं, नाही सांगत.

पुढच्या प्रयोगापासून मी विंगेत त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायला लागले. त्यांनी काही न बोलता डावा हात मागे केला. हसू सुरू झालं की मनगट हलकं धरायचं, चढलं की घट्ट, आणि पुरतं वर पोचलं की नख. नख लागलं की टॉर्च. पहिल्या दोन वेळा थोडं मागेपुढे झालं, मग बसलं. मिलिंद खूश. "हवामान खातं पुन्हा फॉर्मात," म्हणाला.

खरं सांगायचं तर मला वैतागही यायचा. पूर्ण पहिल्या अंकात ती सात-आठ मिनिटंच मला बसून चहा प्यायला मिळायचा, तीही गेली. पण दुसरं असं की, आयुष्यात पहिल्यांदा मी लोकांचं हसणं लक्ष देऊन ऐकत होते. तोवर मी ट्रे सांडू नये एवढंच बघायची. एका माणसाच्या मनगटावर ते पोचवायचं म्हटल्यावर मला त्यातले थर कळायला लागले. बायका आधी हसतात, मग पुरुष, मग पुन्हा बायका, त्या पुरुष हसले म्हणून. हे मी एकदा बसमध्ये अण्णांना सांगितलं, तोंड समोर करून, सावकाश. ते इतके खूश झाले की आपल्या वाट्याचा वडा मला दिला.

असं वर्षभर चाललं. मग आमच्या निर्मात्यांनी काम मुलीकडे सोपवलं. रेवती. अंधेरीत जाहिरातींच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगते. तिने आम्हाला तिच्या ऑफिसात बोलावून भिंतीवर चित्रं दाखवली. प्रेक्षक चार प्रकारचे असतात. विचारी, भावूक, उत्साही आणि घाईतले. प्रत्येकाला एक रंग. अण्णा सगळ्यांत पुढे बसून तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. तिला वाटलं, म्हातारा किती मन लावून ऐकतोय.

"पोरगी हुशार आहे," बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. "नावं दुसरी ठेवली, माणसं तीच आहेत. फक्त सोबती सुटला तिचा." आणि परत आत जाऊन त्यांनी तिला सोबती समजावून सांगितला. तिने लिहून घेतलं. "अण्णा, तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं," म्हणाली. अण्णा लाजले.

रेवतीचं म्हणणं होतं की नाटक लांबलंय. लोकांना घरी जायची घाई असते, दोन तासांत बसवू या. कुठे कापायचं ते ठरवायला तिने पाच प्रयोगांत बाल्कनीला माइक लावले आणि हसण्याचा आलेख काढला. मग पुन्हा मीटिंग. रेवती, मिलिंद, अण्णा आणि मी. टेबलावर लांबलचक कागद, त्यावर डोंगर-दऱ्या काढल्यासारख्या रेघा. जिथे रेघ खाली तिथे लाल खूण. आणि दुसऱ्या अंकाच्या मधोमध चार मिनिटं रेघ सरळ, सपाट. डब्यांचा सीन.

"इथे काहीच होत नाहीये," रेवती म्हणाली. "सॉरी शुभाताई. तुम्ही छान करता. पण ऑडियन्स इथे तुटतोय."

मिलिंद कागदाकडे बघत म्हणाला, "शुभा, पर्सनली घेऊ नको हां."

मी त्या सपाट रेघेकडे बघितलं. आणि तोंडातून काय निघावं? "चालेल की. नाटकाला बरं असेल तर काढा." मी हसलेसुद्धा. आतल्या आत मात्र सगळं संपल्यासारखं वाटत होतं. ती चार मिनिटं गेली की मी फक्त ट्रे आणणारी बाई उरत होते. त्यासाठी शनिवार-रविवार घालवण्यात काय अर्थ होता?

अण्णांनी कागद स्वतःकडे फिरवून घेतला. माझे ओठ त्यांनी वाचले होते. "हा सीन काढू नका," ते म्हणाले.

"का?" रेवतीने विचारलं.

"इथे कुणी हलत नाही."

"अण्णा, आवाजच नाहीये. हे बघा ना. तुम्ही म्हणता ते तुमचं फीलिंग आहे, हे रेकॉर्डिंग आहे. कुठलं धरू मी?"

तिचा प्रश्न बरोबर होता. अण्णा थोडा वेळ खिशात काहीतरी चाचपत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील ठीक आहे. तेवढंच म्हणाले असते, तर त्यांचं सगळं होतं तसं राहिलं असतं.

"मला ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले. "तीन वर्षं झाली. हसू मी कानाने ऐकलेलं नाही, बघतो. हसले की खांदे हलतात. कंटाळले की गुडघे हलतात, मोबाइल उजळतात, बायका पर्स उघडतात. हसण्याच्या जागीसुद्धा कुणी ना कुणी पर्स उघडतंच. अख्ख्या नाटकात एकच जागा आहे, जिथे एकही माणूस हलत नाही. सोबतीसुद्धा नाही. तुमच्या माइकला ती रिकामी वाटते. मी समोरून बघितलीय, प्रत्येक प्रयोगाला."

मग मिलिंदच्या डोक्यात प्रकाश पडला. "आणि पडदा? पडदा कसा देत होतात तुम्ही?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग मिलिंदकडे. "अंदाजाने," ते म्हणाले.

मी तिथे बोलायला हवं होतं. अंदाजाने नाही, माझ्या नखाने, आणि पहिले दोन सोडले तर चुकला नाही, पुढेही आम्ही दोघं मिळून देऊ, एवढं म्हणायला काय जात होतं माझं? नाही बोलले. माझा सीन नुकताच वाचला होता ना, मी श्वास रोखून बसले होते. त्याची मला अजून लाज वाटते.

रेवतीने लाल खूण खोडली. पडद्याचं काम तिने लाइटवाल्याकडे दिलं, कॉम्प्युटरवर सेकंद मोजून. अण्णांना सल्लागार म्हणून राहा म्हणाली, मनापासून म्हणाली. मिलिंदने त्यांचे दोन्ही हात धरले आणि "अहो अण्णा, काय हे, सांगायचं नाही का," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. अण्णांनी खिशातला टॉर्च काढून टेबलावर ठेवला. पुढच्या प्रयोगाला आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, पाय दुखतोय. त्याच्या पुढच्यालाही पाय दुखत होता. मग आम्ही विचारायचं सोडलं. तिसऱ्या घंटेआधी आम्ही सवयीने दाराकडे बघायचो आणि मग आपापल्या आरशात तोंड घालायचो.

नाटक तसं चाललं. पडदा रोज त्याच सेकंदाला पडतो. कधी लाटेच्या आधी, कधी नंतर, आणि कुणाला फार फरक पडला असं नाही.

सात-आठ महिन्यांनी मुलुंडला दुपारचा प्रयोग होता. पहिल्याच प्रवेशाला मला ते दिसले. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एकटे. पांढरा शर्ट, केस नीट बसवलेले. तिकीट काढून आले होते, आम्हाला कळवलंसुद्धा नव्हतं. नाटक संपल्यावर मेकअप रूममध्ये आले. मिलिंद वाकून पाया पडला, सगळ्यांनी गलका केला, मग सेट उतरवायची घाई म्हणून एकेक जण पांगला. मी तोंडाला क्रीम फासून बसले होते. अण्णा माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.

मी ओठ नीट हलवत विचारलं, "हाउस कसं होतं, अण्णा?"

"माका काय म्हायत?" ते जरा मोठ्यानेच म्हणाले, ऐकू न येणारे बोलतात तसं. "माझी पाठ होती त्यांका. मी नाटक बघूक इल्लंय."

मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. नेहमीसारखं वरून खाली नाही, नुसतंच.

"तो मागचो डबो उघडतंस," त्यांनी विचारलं, "तेवा तू रडतंस गो?"

"हो."

"खराच?"

"खरंच रडते, अण्णा."

"परत्येक टायमाक?"

"प्रत्येक प्रयोगाला."

"माका म्हायतच नाय," अण्णा म्हणाले. "माका कोणी सांगूकच नाय."

ज्या सीनसाठी त्यांनी पडदा सोडला, तो सीन त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला होता. इतकी वर्षं तो चालू असताना ते माझ्याकडे पाठ करून, लोकांकडे बघत उभे होते.

त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाय दुखतोय म्हणाले, आणि कठडा धरून सावकाश जिना उतरले.